घरात फोन एकच, पोरं दोन: मुलांच्या हाती इंटरनेट कसं द्यावं

सोलापुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. पारा ४२ च्या वर, पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकतोय. अशा वेळी मोबाइल पोरांच्या हातात जातोच. "मुलांना मोबाइल देऊच नका" म्हणणाऱ्यांनी आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एक दुपार काढून दाखवावी, मग बोलू.

दुसरा सल्ला असतो तो फॅमिली लिंकचा. गूगलचं हे साधन फुकट आहे आणि चांगलं आहे. किती वेळ वापरायचा, कुठलं अ‍ॅप टाकायचं, रात्री फोन कधी बंद व्हायचा, हे सगळं तुमच्या फोनवरून ठरवता येतं. मुलाला स्वतंत्र फोन असेल तर तेच करा. पण आमच्या गल्लीत मी ज्यांचे फोन लावून देतो, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे मुलाचा असा फोनच नाही. बाबा कारखान्यातून शिफ्ट संपवून आले की त्यांचाच फोन पोरांकडे जातो. नाहीतर आईचा. पुढचं सगळं या घरांसाठी आहे.

आधी पैशाचं बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायला लावा. यूपीआय लाइट चालू असेल तर बंद करा, त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिन न विचारता जाते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद झाले आहेत; तरी कुणी लिंक पाठवून "खेळ, पैसे मिळतील" म्हणत असेल तर ती लिंक उघडायची नाही. घरी केबलवाल्याचं वायफाय असेल तर त्याच्याकडून राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटचा पत्ता शोधायची सेटिंग) १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकून घ्या, बऱ्याच अश्लील साइट तिथेच अडतात. मोबाइल डेटावर मात्र राउटरचा काही उपयोग नाही.

आता अवघड भाग. मीही इथेच सगळ्यात जास्त अडलो होतो.

तुमचा फोन मुलाच्या हातात जातो तेव्हा यूट्यूबला मूल दिसत नाही, तुम्ही दिसता. चाळीस वर्षांचा, रात्री अकराला मारामारीचे व्हिडिओ बघणारा माणूस. यूट्यूब त्याच मापानं पुढचे व्हिडिओ वाढतं. त्यामुळे "मी लक्ष ठेवतो" एवढ्यावर भागत नाही. मुलाला त्या फोनमध्ये वेगळी खोली करून द्यावी लागते.

ती अशी. यूट्यूब किड्स टाका, तुमच्या खात्यानं उघडा, मुलाचं प्रोफाइल करा. लहान मूल असेल तर "फक्त मंजूर केलेलं" हा पर्याय निवडा. मग तुम्ही निवडलेले चॅनेल आणि व्हिडिओच दिसतात, शोधायची सोयच राहत नाही. त्यानंतर एक गोष्ट न विसरता करा: पालकांसाठीच्या कुलपाला स्वतःचा पासकोड लावा. तो लावला नाही तर अ‍ॅप गुणाकार विचारतं, सात नव्वे किती वगैरे. तिसरी-चौथीतल्या पोराला हे कुलूप उघडायला किती वेळ लागेल, तुम्हीच सांगा.

पण यूट्यूब किड्समधून बाहेर पडून पोरगं शेजारचं लाल यूट्यूब उघडतंच. म्हणून अ‍ॅप पिन करा, म्हणजे फोन त्या एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवा. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात अ‍ॅप पिनिंग असतं. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये जागा वेगळी, सेटिंगच्या वरच्या शोध-चौकटीत "पिन" लिहिलं की सापडतं. ते चालू करा आणि त्याखालचा "अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा" हाही चालू करा. याच्याशिवाय सगळं फुकट. मग अ‍ॅप उघडायचं, अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत जाऊन त्याच्या चिन्हावर दाबायचं, पिन करायचं. आता फोन उघडायचा तुमचा आकडा टाकल्याशिवाय बाहेर येता येत नाही.

आणि हा आकडा पोरांना माहीत असतो! ज्या घरात जावं तिथे हेच. लग्नाची तारीख नाहीतर गाडीचा नंबर. काही घरांत तर पोराचा अंगठाच फोनमध्ये नोंदवलेला, कारण आजीला फोन उघडता येत नाही आणि नातू उघडून देतो. तो अंगठा काढून टाका. आकडा बदला, सहा अंकी करा, टाकताना पोरांकडे पाठ करा. आजीला तिचा स्वतःचा अंगठा नोंदवून द्या.

आणखी एक पळवाट आहे. पिन केलेल्या खेळातली जाहिरात दाबली की कधीकधी दुसरं अ‍ॅप उघडतं. त्यामुळे नेट न लागणारे खेळ द्या आणि फोन विमान मोडवर टाका. जाहिरातही नाही, लिंकही नाही. पोराच्या हाती द्यायच्या आधी स्वतः पाच मिनिटं बाहेर पडायचा प्रयत्न करून बघा.

व्हॉट्सअ‍ॅपचं दुखणं वेगळं. गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर येतो, म्हणून ते मुलापुढे उघडावंच लागतं. व्हॉट्सअ‍ॅपला कुलूप लावा, गृहपाठ तुम्ही उघडून वहीत उतरवायला द्या. शिवाय मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे कुणा मामानं रात्री फॉरवर्ड केलेले अपघाताचे व्हिडिओ गॅलरीत जाऊन बसणार नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, यूट्यूबवर हिंदी अशी पोरं आहेत. हिस्टरी तपासायला बसाल तेव्हा ती भाषा कळणारं माणूस सोबत घ्या. नुसत्या चित्रावरून व्हिडिओत काय बोललंय ते समजत नाही.

मुलं अकरा-बारा वर्षांची झाली की ही कुलपं पुरत नाहीत. इन्स्टाग्रामचं खातं १३ वर्षांखाली काढता येत नाही, तो कंपनीचाच नियम आहे. वय खोटं टाकून तुम्हीच खातं काढून देऊ नका. आणि घरात एक शब्द द्या: काही विचित्र घडलं आणि तू येऊन सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही. हा शब्द पाळा. "आमचं पोरगं काहीच सांगत नाही" म्हणणाऱ्या किती घरांत सांगितल्यावर आधी पाठीत धपाटा बसतो, ते मला विचारू नका.

खेळाच्या चॅटमध्ये अनोळखी माणसानं फोटो मागितला, धमकी दिली, तर मेसेज पुसू नका. खातं, नंबर, मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. मुलाचा आक्षेपार्ह फोटो असेल तर तो पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना पाठवू नका, तसं पाठवणं हाच गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकी तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर. मूल घाबरलेलं असेल, कुठे बोलायचं कळत नसेल, तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

एवढं झालं की मजेचं बघा, कारण नेट नुसतं अडवायचं असेल तर हा खटाटोप कशाला? बुद्धिबळ आवडत असेल तर लिचेस उघडून द्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्यात किड मोड चालू केला की अनोळखी माणसांशी गप्पा बंद होतात. आठ-नऊच्या पुढच्या मुलांना स्क्रॅचवर (मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंग शिकवणारं साधन) स्वतःचे खेळ करायला लावा, दुसऱ्याचा खेळ खेळण्यापेक्षा ती जास्त वेळ गुंगतात. हिवाळ्यात रविवारी सकाळी हिप्परग्याच्या तलावावर जा आणि मर्लिन हे अ‍ॅप चालू करा. पक्ष्याचा आवाज ऐकून ते नाव सांगतं. पोरं शर्यत लावतात, कुणाचे पक्षी जास्त. त्यासाठी लागणारी पक्ष्यांची माहिती मात्र आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्या, फाइल मोठी असते.