पीसी डोमेनला जॉइन होत नाहीये? आधी डीएनएस बघा
ऑफिसात नवीन पीसी डोमेनला (ऑफिसचे पीसी आणि लॉगिन एका जागेवरून सांभाळणारं विंडोजचं नेटवर्क) जोडताना 'डोमेन सापडत नाही' असा एरर आला की लोक डायरेक्ट केबल उपसायला लागतात, मीपण एकदा अख्खी दुपार त्यात घालवलीय. खरं तर दहातल्या आठ वेळा घोळ डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा असतो. पीसी डोमेन कंट्रोलरला (लॉगिन तपासणारा डोमेनचा सर्व्हर) शोधतो तो डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डवरून (कोणती सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद), आणि तो रेकॉर्ड तुमच्या ऑफिसच्या आतल्या डीएनएस सर्व्हरवरच असतो, गुगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएसला तुमचं डोमेन कुठून माहीत असणार?

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) मारून बघा, डीएनएसच्या ओळीत फक्त आतल्या सर्व्हरचाच आयपी पाहिजे. 'सेकंडरीला ८.८.८.८ टाकून ठेवू, असू दे बॅकअप' हे तर अजिबात करू नका, आतला सर्व्हर जरा उशिरा बोलला की विंडोज तिकडे सरकतं आणि मग लॉगिन कधी चालतं कधी नाही, डोक्याला ताप नुसता. बाहेरच्या साइट्ससाठी ८.८.८.८ आतल्या डीएनएस सर्व्हरवरच फॉरवर्डर म्हणून टाका (त्याला माहीत नसलेली नावं तो तिकडे विचारतो) आणि पीसींना आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीच्या स्कोपमध्ये ऑप्शन ६ (पीसीला द्यायचा डीएनएसचा पत्ता) पण चेक करा, नाहीतर प्रत्येक पीसीवर हाताने बदलत बसाल.

हो, आणि पीसीचं घड्याळ सर्व्हरपेक्षा पाच मिनिटांहून जास्त पुढेमागे असेल तरी कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं.