आखातीज: पितरांचा कुंभ आणि चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू

इंदूरच्या मराठी घरांत अक्षय्य तृतीया हे नाव निमंत्रणपत्रिकेपुरतं, बोलताना आखातीजच. सकाळी पितरांच्या नावाने पाण्याचा कुंभ द्यायचा आणि संध्याकाळी चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू करायचं, ही दोन कामं त्या एका दिवसात बसवावी लागतात. सराफ्यातली गर्दी पाहिली की हा सोनं घेण्याचा सण वाटतो. धर्मशास्त्रात मात्र या तिथीला स्नान, जप, होम, पितृतर्पण आणि दान सांगितलं आहे; खरेदीचा त्यात उल्लेख नाही. दिलेलं क्षय पावत नाही म्हणून तिथी अक्षय्य, आणि वैशाखात द्यायला पाण्याहून मोठं काय असणार!

वैशाख शुद्ध तृतीया ज्या दिवशी पूर्वाह्णात, म्हणजे दिवसाच्या पहिल्या भागात, असेल तो दिवस धरायचा. दोन्ही दिवशी तशी आली तर दुसरा. ही युगादी, म्हणजे युगाच्या आरंभाची तिथी आहे, म्हणून पितरांचं कार्य सांगितलं आहे, तेही दुपारच्या आधी. माळव्यात हा अबूझ मुहूर्त, म्हणजे पंचांग न पाहता लग्न लावायचा दिवस, त्यामुळे सकाळी सगळे गुरुजी लग्नमंडपात असतात. आठ दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर संकल्प घरीच सोडायची तयारी ठेवा.

मडकं आदल्या दिवशी सकाळीच आणावं. बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहा: खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. रंगवलेली, नक्षीची मडकी दिसायला छान, पण रंगाने मातीची छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. साधं लाल, दहा लिटरचं पुरे. घरी आणलं की बादलीत किंवा टबात पूर्ण बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत माती पाणी पीत असते. आतून नुसत्या काथ्याने घासा. साबण लावलात तर माती तो वास धरून ठेवते आणि पुढे आठवडाभर पाण्याला साबणाची चव येते.

संध्याकाळी मडकं भरून कोरड्या फरशीवर ठेवा. सगळीकडून सारखा घाम आला तर उत्तम. तो घाम वाळतो म्हणूनच पाणी गार होतं, आणि इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे काम समुद्रकाठापेक्षा कितीतरी चांगलं होतं. एकाच जागी थेंब जमत असेल तर ती चीर. तिला मेण किंवा सिमेंट थापून दान देऊ नये, मडकं बदलावं.

कुंभाच्या पाण्यात सोडायचा वाळा सियागंज बाजारात मिळतो, पण मागताना ‘खस की जड़’ म्हणा. नुसतं खस म्हटलं तर हिरवं सरबत पुढे येतं, कधी खसखसही. दहा लिटरला बोटभर जाडीची जुडी पुष्कळ. माती निघून जाईपर्यंत तीनचार पाण्यांतून धुवा आणि पांढऱ्या सुताने बांधून सोडा.

सकाळी पाटावर अर्धा किलो गहू पसरून त्यावर कुंभ ठेवायचा. गंगाजळ नसलं तर अडून बसू नका. इंदूरच्या नळाला येते ती नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर आणलेली नर्मदाच. पाण्यात उगाळलेलं चंदन आणि चिमूटभर काळे तीळ घाला. चमचाभर तीळ टाकले तर दुसऱ्याच दिवशी पाण्याला वास येतो आणि घेणारा मडकंभर पाणी ओतून देतो. गळ्याला सूत गुंडाळा, तोंडावर झाकणी, तिच्यावर खरबूज किंवा दोन आंबे. यजमानाने दक्षिणेकडे तोंड करून, जानवं अपसव्य (उजव्या खांद्यावर) करून पितरांचा उच्चार करावा आणि पाणी सोडावं. या कुंभाला ‘धर्मघट’ म्हणतात. ज्याचे वडील हयात आहेत त्याने तिलतर्पण करायचं नाही. देवांच्या नावाने दुसरा कुंभ देत असाल तर त्यात तिळांऐवजी अक्षता, तोंड पूर्वेला, जानवं सव्य, म्हणजे नेहमीसारखं डाव्या खांद्यावर.

दान द्यायच्या आधी एक विचारून घ्या: मडकं हवं आहे का? त्या दिवशी एकेका गुरुजींच्या ओसरीवर मडक्यांची रांग लागते. पाणपोई, चौकीदार, हातगाडीवाला यांना ते जास्त उपयोगी. भरलेलं मडकं दहा किलोंच्या पुढे जातं, तेव्हा तांब्याभर पाणी ठेवून बाकीचं काढा आणि खाली ठेवायला कापडाची चुंबळ द्या. सोबत पंखा, चपला किंवा छत्री यांतलं जमेल ते, सातूचं पीठ, आणि दक्षिणा. घरच्यांनी वर्षातला पहिला आमरस पितरांना दाखवल्यानंतरच खायचा. तो बदाम जातीच्या आंब्याचा असला तरी चालतो, हापूससाठी थांबू नये.

महूजवळच्या जानापावला परशुरामाच्या दर्शनाला जायचं असेल तर कुंभदान आटोपून निघा आणि संध्याकाळच्या आत परता.

हळदीकुंकवाची खरी परीक्षा आंबेडाळीची. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि पाणी न घालता भरड वाटा. एक वाटी किसलेली कैरी, चारपाच मिरच्या, पाव वाटी ओलं खोबरं, मीठ, दोन चमचे साखर. फोडणी गार करून घाला. कढत ओतली तर डाळ चिकट होते. कैरी आणि मीठ वाढायच्या अर्धा तास आधीच मिसळा, नाहीतर पाणी सुटतं. पन्ह्याला उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, गूळ दीड वाटी, मीठ, वेलची. वाढताना एका भागाला तीन भाग गार पाणी. कल्हई नसलेल्या पितळेत पन्हं ठेवलं तर कळकतं, स्टील बरं. ओटीला भिजवलेले हरभरे. ते सकाळी उपसून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबतात.

बायका गेल्या की गौरीला ओवाळायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, अक्षता वाहून ‘पुनरागमनायच’ म्हणायचं आणि झोपाळा किंचित हलवून धातूची मूर्ती देव्हाऱ्यात परत ठेवायची, विसर्जन नाही. उरलेली आंबेडाळ रात्रभर बाहेर राहिली तर आंबलीच समजा. त्याच रात्री कढईत तेलावर, झाकण ठेवून मंद आचेवर परतली तर मोकळी वाटली डाळ होते आणि सकाळच्या डब्याचं काम भागतं.