पार्किन्सन की दुसरं काही? ब्रेन स्कॅनच्या बाबतीत या चुका टाळा

घरात कुणाचा हात थरथरायला लागला, चाल मंदावली की लगेच ठरतं, "एमआरआय करून टाकू, काय ते कळेल." पण साध्या एमआरआयमध्ये पार्किन्सनचा मेंदू बऱ्याचदा नॉर्मलच दिसतो, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पार्किन्सन नाही असं धरून गोळ्या बंद करणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक.

एमआरआय करतात तो बाकीची कारणं शोधायला. बारीक बारीक स्ट्रोक, मेंदूत साठलेलं पाणी, नाहीतर पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी), एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी) असे पार्किन्सनसारखेच वाटणारे मेंदूचे आजार. पीएसपीमध्ये मिडब्रेन (मेंदूच्या देठाचा वरचा भाग) झिजतो आणि बाजूने घेतलेल्या इमेजमध्ये हमिंगबर्ड पक्ष्याच्या डोक्याचोचीसारखा आकार दिसतो, एमएसएमध्ये पॉन्सवर (मिडब्रेनच्या खालचा भाग) पांढरी फुली दिसू शकते. पण सुरुवातीला ही चिन्हं नसतातही, त्यामुळे दिसली नाहीत म्हणजे आजार नाही असं होत नाही. आणि हो, हात फार हलत असतील तर आधीच सांगा, इमेज हलली की बारीक गोष्टी दिसतच नाहीत.

आता ट्रोडॅट, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढलेला मेंदूचा स्कॅन. यात डोपामिनच्या (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) पेशी किती शाबूत आहेत ते कळतं. नॉर्मल माणसात दोन्हीकडे स्वल्पविराम दिसतो, पार्किन्सनमध्ये आधी त्याची शेपटी जाते आणि नुसतं टिंब उरतं. गोंधळ इथेच होतो, कारण पीएसपी आणि एमएसएमध्येही हा स्कॅन असाच बिघडतो, म्हणजे "ट्रोडॅट पॉझिटिव्ह, पक्का पार्किन्सन" हे चूक. साधा ट्रेमर (पार्किन्सन नसलेली थरथर) किंवा औषधाने आलेला कडकपणा वेगळा काढायला तो उत्तम. पार्किन्सन, पीएसपी, एमएसए यातला कुठला आजार हे विचारायचं असेल तर डॉक्टर एफडीजी पेट (मेंदू साखर किती वापरतो ते दाखवणारा स्कॅन) सुचवू शकतात, त्यात पुटामेनचा (मेंदूतला हालचालींशी जोडलेला भाग) साखरेचा वापर पार्किन्सनमध्ये टिकून असतो, एमएसएमध्ये घटतो.

औषधांची यादी लपवू नका, विसरूही नका. अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलच्या पाकिटावर बारीक अक्षरात लेव्होसल्पिराइड लिहिलंय का बघा, चक्करेच्या गोळीत सिनारिझिन, मायग्रेनच्या गोळीत फ्लुनारिझिन, या सगळ्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येतात आणि गोळी थांबल्यावरही काही महिने राहू शकतात. नैराश्यावरचं ब्युप्रोपियॉन, एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट यांनी तर ट्रोडॅटचा रिझल्टच बदलतो. कुठली गोळी किती आधी थांबवायची ते सेंटरला आणि न्यूरोलॉजिस्टना विचारा, लेव्होडोपा (पार्किन्सनचं मुख्य औषध) मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

रिक्वेस्ट फॉर्मवर नुसतं "पार्किन्सन?" लिहून आणू नका. त्रास कुठल्या बाजूने सुरू झाला, पहिल्या वर्षातच पडायला लागले का, उभं राहिल्यावर बीपी उतरतं का, लेव्होडोपाने फरक पडला का, एवढं डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्या आणि जुने एमआरआय असतील तर फिल्म आणि सीडी दोन्ही सोबत न्या.