दुपारच्या सूर्यावरून अक्षांश कसा काढायचा

विषुववृत्त ओलांडलं की ध्रुवतारा दिसेनासा होतो. म्हणून पोर्तुगीज खलाशी सूर्याकडे वळले. किनारा सोडून, खोल अटलांटिकमधले वारे धरत केपला (आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपला) वळसा घालणं त्यामुळेच जमलं, आणि मिरीच्या व्यापाराला नवी वाट मिळाली.

जड पितळी अ‍ॅस्ट्रोलेब, म्हणजे सूर्याची उंची अंशांत मोजायची चकती, अंगठ्याला टांगा. फिरती पट्टी अशी लावा, की वरच्या भोकातून आलेला प्रकाश नेमका खालच्या भोकावर पडेल. सूर्याकडे थेट पाहू नका. मध्यान्हाच्या वीसेक मिनिटं आधीपासून मोजत राहा; उन्नतांश (क्षितिजापासून सूर्याची अंशांतली उंची) वाढायचा थांबला की तोच आकडा धरा आणि ९० मधून वजा करा. सूर्य तुमच्या दक्षिणेला असेल, तर त्यात उत्तर क्रांती मिळवा किंवा दक्षिण क्रांती वजा करा; क्रांती म्हणजे त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो आकडा. उन्नतांश ६२°, उत्तर क्रांती १०° असेल तर २८ + १० = ३८° उत्तर.

घोळ बहुधा या बेरीज-वजाबाकीतच होतो. दुसरी अडचण डोलणाऱ्या जहाजाची: एका अंशाची चूक म्हणजे ६० सागरी मैल. १४९७ मध्ये वास्को द गामाच्या लोकांनी आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात किनाऱ्यावर उतरून माप घेतलं, ते उगीच नाही. रेखांश मात्र या रीतीने मिळत नाही.