ग्लेशियरवर अंग कसं टिकवावं: वजन, जेवण आणि सगळ्यात आधी पाणी

सियाचिनला निघालेल्या पोरांना जो सल्ला मिळतो, त्यातला निम्मा घातक असतो. जायच्या आधी दहा किलो वजन वाढव, प्रोटीनचा मोठा डबा घेऊन जा, रमने ऊब राहते. यातलं काही करू नका. वाढवलेली चरबी चढताना उरावर बसते. प्रोटीन पचवायला शरीर जास्त पाणी मागतं, आणि वर टंचाई पाण्याचीच. दारूने कातडीला गरम वाटतं, पण आतली उष्णता निघून जाते.

विरळ हवेची सवय व्हावी म्हणून चढण्याआधीचे थांबे सक्तीचे आहेत: 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस, 15,000 पर्यंत 4, त्यावर आणखी 4. या दिवसांत पोटभर खा, आणि पट्टा कितव्या भोकावर बसतो ते बघून ठेवा.

आता पाणी. वजन घटलं की लोक जेवणाला दोष देतात. पण बऱ्याचदा पाणी कमी पडल्यामुळेच घास गिळवत नाही. कोरड्या हवेत धाप लागली की प्रत्येक श्वासाबरोबर वाफ जाते, थंडीने लघवी वाढते, आणि तहान मात्र लागतच नाही. म्हणून तहानेची वाट बघायची नाही. दिवसाला साधारण 4 लिटर, चहा-सूप धरून. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय.

हे 4 लिटर बनवायला वेळ लागतो. ताजा भुसभुशीत बर्फ दहा डबे वितळवला तर जेमतेम एक डबा पाणी निघतं, म्हणून खालचा टणक बर्फ खणून आणा. जागा ठरलेली हवी, संडासापासून लांब, आणि जाताना दोर बांधूनच जायचं, कारण कपार, म्हणजे ग्लेशियरमधली खोल भेग, वरच्या बर्फाखाली दिसत नाही. भांड्यात आधी पेलाभर पाणी ठेवा आणि त्यात थोडा थोडा बर्फ टाका. कोरड्या भांड्यात बर्फ कोंबला तर तळ करपतो आणि पाण्याला असा जळका वास येतो की दुसऱ्या घोटाला मळमळतं. मग पोरं पाणी प्यायचंच सोडतात. रॉकेलचा जरीकेन आणि पाण्याचा जरीकेन कधीही अदलाबदल करायचा नाही. 18,000 फुटांवर पाणी 82 अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा उकळी आल्यावर 3 मिनिटं तसंच ठेवा. स्टोव्ह पेटलेला असताना हटचं झरोकं उघडं हवं. धुराशिवायही विषारी वायू साचतो आणि झोपेतच माणूस जातो.

बाटली गरम भरून मोज्यात घाला आणि उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, मग तोंड मोकळं राहतं. रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये. चालताना बर्फ चघळू नका: ओठ-जीभ फाटते आणि तो वितळवायला अंगातलीच ऊब जाते.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कुणी मोकळेपणाने बोलत नाही. रात्री उणे तीसमध्ये लघवीला उठावं लागू नये म्हणून जवान दुपारनंतर पाणीच तोडतात. सकाळी डोकं ठणकतं, भूक नसते, आणि तो दिवस वाया जातो. यावर उपाय एकच: लघवीसाठी वेगळी, रुंद तोंडाची बाटली आत घेऊन झोपा. तिच्यावर जाड दोरी गुंडाळा, म्हणजे अंधारात हाताला ओळखू येते. यात लाज कसली?

उलट टोकही नको. बर्फाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. नुसतं कोरं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. जेवणात मीठ पुरेसं ठेवा, आणि ओझं वाहून आल्यावर एक लिटरमध्ये ओआरएसची एक पुडी.

जेवण त्यामानाने सोपं. ओझं घेऊन चालण्याच्या दिवशी 4,000 पेक्षा जास्त कॅलरी लागतात, पण ताट बघून नकोसं होतं. म्हणून दर दोन तासांनी चार घास. भात, खिचडी, साखर, बिस्किटं आधी, कारण तेवढ्याच शक्तीसाठी त्यांना ऑक्सिजन कमी लागतो. तूप अंगाला सोसेल तेवढंच. डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत. घरून काही पाठवायचंच असेल तर लसणाची सुकी चटणी पाठवा. मेलेली भूक तिने जागी होते. डिंकाचे लाडू आणि चिक्की आतल्या खिशात ठेवा, बाहेर राहिलेल्या चिक्कीने दात तुटेल.

बसल्या जागी धाप, खोकल्यात गुलाबी फेस, तोल जाणं, बडबड: हे पाण्याने बरं होत नाही. लगेच सांगा. ऑक्सिजन लावून त्या माणसाला खाली न्यायलाच हवं.

पोस्टवर काटा नसतो, पट्टा असतो. आठवड्यात दोन भोकं आत गेलात तर नर्सिंग असिस्टंटला सांगा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.