‘कॅडेट’चा अर्थ सांगताना या चुका टाळा

एनसीसीच्या ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्राच्या परीक्षा जवळ आल्या, की ‘कॅडेट’ या शब्दाची फोड करणारं एक चित्र मोबाइलवर फिरू लागतं. सी म्हणजे कॅरेक्टर, डी म्हणजे डिसिप्लिन, टी म्हणजे ट्रेनिंग, आणि मधल्या ए-ईला ज्याला जे सुचेल ते. मुलं ते आदल्या रात्री पाठ करतात आणि तोंडी परीक्षेत ठणकावून सांगतात. कॅडेट हे लघुरूप नाही. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला, आणि आद्याक्षरं जोडून शब्द पाडण्याची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात. शिवाय शब्द मुळात इंग्रजी नाहीच, मग त्याची इंग्रजी फोड कुठून निघणार?

दुसरं उत्तर असं ऐकू येतं, की कॅडेट म्हणजे लॅटिनमध्ये ‘विद्यार्थी’. तेही चूक. लॅटिन ‘कापुट’ म्हणजे डोकं, आणि ‘कापितेल्लुम’ म्हणजे लहान डोकं. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेला गॅस्कनी नावाचा प्रदेश आहे. तिथल्या बोलीत लॅटिन शब्दाच्या शेवटच्या ‘ल्ल’चा ‘त’ होतो. किल्ल्याला लॅटिनमध्ये ‘कास्तेल्लुम’, गॅस्कन बोलीत ‘कास्तेत’. याच नियमाने ‘कापितेल्लुम’चं ‘काप्देत’ झालं आणि त्याचा अर्थ झाला नायक, सरदार. शब्द गॅस्कनीचाच हे या ‘त’वरूनच ओळखता येतं, कारण शेजारच्या दक्षिण फ्रेंच बोलींत तो ‘ल’ टिकून ‘काप्देल’ राहिला.

आता ‘सरदार’चा ‘शिकाऊ’ कसा झाला? गॅस्कनीतल्या खानदानी घरांत जमीनजुमला मुख्यतः थोरल्याकडे जाई. धाकट्यांनी घोडा आणि तलवार घेऊन राजाच्या फौजेत नशीब काढायचं. फौजेत ‘काप्देत’ म्हणवणारी जी मंडळी दिसत, ती बहुतेक अशी धाकटी पाती. त्यामुळे फ्रेंचमध्ये शब्दाचा अर्थच ‘धाकटा’ असा बसला, आणि आजही फ्रेंच माणूस धाकट्या भावाला ‘कादे’च म्हणतो. पुढे 1682 मध्ये चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्हा याने खानदानी तरुणांना अधिकारी म्हणून घडवण्यासाठी कॅडेटांच्या स्वतंत्र तुकड्या काढल्या. तिथून आजचा अर्थ पक्का झाला. प्रशिया या जर्मन राज्याने 1717 मध्ये कॅडेट कोअर उभारलं. 1741 मध्ये इंग्लंडमध्ये वुलिचची लष्करी अकादमी निघाली आणि तिथले विद्यार्थी ‘जेंटलमन कॅडेट’ म्हणवू लागले. आपल्याकडे शब्द आला ईस्ट इंडिया कंपनीबरोबर. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या फौजांसाठी कंपनी कॅडेट नेमत असे, आणि 1809 पासून त्यांतल्या काहींना इंग्लंडमधल्या ॲडिस्कोंबला शिकवत असे. 1932 मध्ये डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली, तीही 40 जेंटलमन कॅडेटांनिशी.

म्हणून नुसतं ‘धाकटा भाऊ’ किंवा नुसतं ‘सरदार’ असं उत्तर देऊ नका. दोन्ही अर्थ खरे आहेत, पण वेगवेगळ्या काळातले. कुठल्याही शब्दाचं मूळ सांगताना भाषा, काळ आणि तो वापरणारी माणसं या तीन गोष्टी एकत्र सांगायची सवय ठेवा. एक गाळली की उत्तर लंगडं. पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढी द्यावीत.

दुसरी मोठी चूक फ्लेक्सवर होते. गावातला मुलगा एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा आणि एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत पार करतो, आणि चौकात फ्लेक्स लागतो: ‘लेफ्टनंटपदी निवड!’ पोराने अजून खडकवासल्याचं प्रवेशद्वार ओलांडलेलं नसतं. पाहुणे ‘लेफ्टनंटसाहेब’ म्हणून हाक मारतात आणि त्याला मान कुठे वळवावी ते कळत नाही. हिशोब असा: एनडीएत सहा सत्रं, म्हणजे तीन वर्षं. त्यानंतर लष्कराचे कॅडेट एका वर्षासाठी डेहराडूनला, नौदलाचे एळिमलाला आणि हवाई दलाचे डुंडीगलच्या अकादमीत जातात. डेहराडूनच्या संचलनाअखेर ‘अंतिम पग’ (शेवटची पायरी) ओलांडला आणि खांद्यावर तारे चढले, की लेफ्टनंट. तोवर तो कॅडेटच असतो. 30 मे 2025 ला एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हाही ‘महिला अधिकारी झाल्या’ असे मथळे शोभले नसते; त्या दिवशी त्या पदवीधर कॅडेट होत्या. एवढ्या कष्टांचा सन्मान करायचा तर नेमक्या शब्दाने करावा. ‘एनडीएत कॅडेट म्हणून निवड’ यात काडीचाही कमीपणा नाही.

कॅडेट आणि रिक्रूट यांची सरमिसळही नको. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात शिकणारा जवान रिक्रूट असतो, तो शिपाई होतो. लष्करी अकादमीतल्या कॅडेटची वाट अधिकारीपदाकडे जाते. रिक्रूटचं मूळही निराळं आहे: फ्रेंचमध्ये ‘पुन्हा वाढणं’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आला, म्हणजे फौजेत पडलेली तूट भरून काढणारी नवी भरती. शिपायांच्या तोंडी त्याचंच ‘रंगरूट’ झालं. त्यात ‘रंग’ शोधत बसू नका.

एनसीसीचं मराठी नाव ‘राष्ट्रीय छात्र सेना’. ‘क्षात्र’ नव्हे. क्षात्र आला ‘क्षत्र’वरून, छात्र आला ‘छत्र’वरून. पाणिनीच्या ‘छत्रादिभ्यो णः’ या सूत्राने तो सिद्ध होतो, आणि काशिकावृत्ती सांगते की गुरूच्या उणिवांवर छत्रासारखं आवरण धरणारा शिष्य तो छात्र. नावात ‘सेना’ आहे म्हणून एनसीसीच्या कॅडेटला सैनिक समजू नये. 1948 च्या एनसीसी कायद्यानुसार त्याच्यावर लष्करी सेवेचं बंधन नाही.

‘कॅडर’ हा कॅडेटचा भाऊ नाही. तो ‘चौकट’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला. आयएएसचं महाराष्ट्र कॅडर म्हणतात ते हे.

एनसीसीचं पूर्ण इंग्रजी नाव घेताना ‘नॅशनल कॅडेट कोअर’ म्हणा, ‘कॉर्प्स’ नको. इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरं, पी आणि एस, मुकी आहेत.

मराठीत ‘दहा कॅडेट’ पुरतं, ‘कॅडेट्स’ची गरज नाही.

आणि कुस्तीच्या जुन्या बातम्यांत ‘कॅडेट गट’ दिसला तर तिथे लष्कर शोधू नका. तो 17 वर्षांखालचा वयोगट, आणि आता जागतिक संघटना त्याला सरळ ‘17 वर्षांखालील’ असंच म्हणते.