प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा हातात आला, आता काय?

प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन. आयसीयूत नव्याने आलेल्या रेसिडेंटना मी पहिल्याच ड्युटीला सांगते: रिपोर्ट उघडण्याआधी केसपेपरवर लिहून टाका, सेप्सिसचा (संसर्गामुळे अवयव बिघडू लागण्याचा) संशय कितपत आहे आणि जंतुसंसर्ग नेमका कुठे वाटतो. आकडा आधी दिसला की डोकं त्याच्याच मागे धावतं.

२०१६च्या व्याख्येनुसार संसर्गामुळे सोफा स्कोअर (अवयव किती बिघडलेत ते मोजणारे गुण) किमान २ने वाढला तर तो सेप्सिस. त्यामुळे क्रिएटिनिन, बिलिरुबिन, प्लेटलेट या रोजच्या तपासण्या आधी बघा. प्रोकॅल्सिटोनिन त्या व्याख्येत नाहीच.

बीपी ढासळतंय आणि संसर्गाची शक्यता आहे? ब्लड कल्चरचे (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) दोन सेट घ्या आणि तासाभरात अँटिबायोटिक द्या. प्रोकॅल्सिटोनिनसाठी थांबू नका. अगदी सुरुवातीला किंवा एकाच जागी गळू असेल तर ते कमीही येतं. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनाही अँटिबायोटिक सुरू करण्याचा निर्णय त्यावर सोपवत नाहीत.

लॅक्टेट मात्र लगेच हवं; पेशींना रक्तपुरवठा कमी पडला की ते रक्तात वाढतं. आर्टेरियल लाइनमधून (धमनीत बसवलेल्या नळीतून) घेत असाल तर आधी आलेलं सलाइनमिश्रित रक्त बाजूला काढा आणि नमुना तडक मशीनवर लावा. सिरिंज ट्रेमध्ये पडून राहिली की तिच्यातल्या लाल पेशी साखर वापरतच राहतात आणि लॅक्टेट खोटं चढतं. २ मिलिमोलच्या वर आलं तर अॅड्रेनलिन चालू आहे का, नुकतीच फिट येऊन गेली का, यकृत कसं आहे, हेही विचारा. पण ही चौकशी पेशंटला तपासता तपासता करायची, उपचार अडवून नाही.

माझा खरा भर असतो तो प्रोकॅल्सिटोनिन कसं उतरतंय यावर. मोठं ऑपरेशन, भाजणं, जबर मार यांत संसर्ग नसतानाही प्रोकॅल्सिटोनिन चढतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण २४ तासांचं. म्हणजे पोटाच्या ऑपरेशननंतर रोजचे आकडे ८, ४, २ असे आले तर मला धीर येतो. ८, ४ आणि मग ९ आले, तर मी ड्रेनमध्ये (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत) काय येतंय ते पाहते, पोट दाबून बघते आणि सर्जनला फोन लावते. सीआरपी हे सूज दाखवणारं दुसरं प्रथिन सावकाश चढतं, सावकाश उतरतं. पहिल्या दोन दिवसांत ते एकटंच वाढताना दिसलं म्हणून औषध बदलू नका.

अँटिबायोटिक थांबवताना प्रोकॅल्सिटोनिन खरं उपयोगी पडतं. पेशंट सुधारतोय, संसर्गाचं मूळ काढलंय आणि आकडा शिखरापासून ८० टक्के उतरलाय किंवा ०.५ नॅनोग्रॅमच्या खाली आलाय, तर थांबवण्याचा विषय राउंडवर तुम्हीच काढा. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आला असेल किंवा हृदयाच्या झडपेला संसर्ग असेल, तर मात्र आकडा कितीही उतरो, पूर्ण कोर्स द्यायचा.